जिंकलेले रविवार

१३ जानेवारी

तुझ्या नवऱ्याने माझ्या मुलीला सोल्डरिंग शिकवलंय, हे मला तिच्या बोटावरच्या फोडावरून कळलं. तू कळवलं नाहीस, त्याने कळवलं नाही, आणि टिटवी तर सरळ खोटं बोलली. "हे काय?" विचारलं तर म्हणाली, "इस्त्री लागली." इस्त्रीचा चटका मोहरीएवढा बसत नाही, आणि नेमका तर्जनीच्या टोकालाही बसत नाही. मी चष्मे बनवतो. बारीक बघणं हेच माझं पोट आहे.

फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं भांडण सुरू होतं, तेव्हा जे असेल ते लिहून कळव, असं तूच म्हणाली होतीस. म्हणून लिहितोय. वर संबोधन घातलेलं नाही. वेगळं झालेल्या बायकोला काय म्हणायचं ते मला माहीत नाही. पत्र तुझ्या लॅबच्या पत्त्यावर पाठवतोय. घरी ते आधी कोण उघडेल, सांगता येत नाही.

आता दुसरी गोष्ट. तिच्या दप्तरात दिसलेला तो लॅपटॉप. जुना आहे, कोपरा फुटलाय, वर लिफ्ट कंपनीचा स्टिकर खरवडल्याची खूण आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने पंधरा वर्षांच्या मुलीला लॅपटॉप कशासाठी द्यावा? तिला हवा होता तर तिने माझ्याकडे मागायला हवा होता. मी दिला असता की नसता हा पुढचा प्रश्न. तिने मागितलाच नाही, हा आधीचा. काल सकाळी तिला घेऊन येताना मी साधं विचारलं, "शनिवारी तुमच्याकडे कोण कोण असतं? काका दिवसभर घरीच असतात का?" तर खिडकीबाहेर बघत बसली. नाव टिटवी, आणि माझ्या गाडीत बसली की चोच बंद.

बाकी ठीक आहे. रविवारी मी पुन्हा जिंकलो.

तुला या खेळाचं कधीच काही वाटलं नाही. 'चाळिशी उलटलेली माणसं खेळण्यातल्या गाड्या पळवतात,' असं तू माझ्या बहिणीला म्हणाली होतीस, ते मला पोचलं होतं. तरी सांगतो, कारण तुझ्या मुलीचा त्यात जीव आहे. एका जुन्या गोदामात गालिचा अंथरून ट्रॅक केलाय. आम्ही मचाणावर उभे राहतो, हातात पिस्तुलासारखा रिमोट, खाली हातभर लांबीच्या गाड्या. गाडीत एक बॅटरी, एक मोटर, आणि दोन्हींच्या मध्ये काडेपेटीएवढी डबी: स्पीड कंट्रोलर. आम्ही ईएससी म्हणतो. मोटरला करंट कधी आणि किती सोडायचा हे ती डबी ठरवते, आणि तिने काय ठरवायचं हे तिच्यात भरलेला प्रोग्रॅम ठरवतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. आमच्या साध्या गटात सगळ्यांची मोटर सारखी. डबीने आपलं डोकं चालवून मोटरला जादा जोर द्यायचा नाही. ती तसा देत नसेल तर तिच्यावरचा बारीक दिवा लुकलुकत राहतो. दिवा लुकलुकतोय म्हणजे माणूस सज्जन. मग जिंकायचं ते फक्त हाताने.

वर्षानुवर्षं तिथे बेकरीवाला जिंकायचा. मी पाचवा, सहावा. गाडी फिरली की शेवटचा. थंडी सुरू झाल्यापासून मात्र माझा हात बसलाय. लांब सरळ पट्ट्यावर मी बेकरीवाल्याला मागे टाकतो आणि शेजारी उभी असलेली टिटवी इतक्या जोरात ओरडते की खालची माणसं कानांवर हात ठेवतात. रेस संपली की न चुकता विचारते, "बाबा, आज हात कसा वाटला?" माझ्या हाताची एवढी विचारपूस आजवर कुणी केलेली नाही.

फोडाला मलम लाव. लॅपटॉपचं उत्तर दे.

टिटवीचा बाप

३० जानेवारी

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी, त्यातल्या दोन माझ्या स्वभावावर.

लॅपटॉप तिने मागितला, त्याने दिला, 'यात शोधण्यासारखं काही नाही', असं लिहिलंयस. जिथे खरंच काही नसतं तिथे माणूस असं लिहीत नाही. पण ते राहू दे. आज भांडायला बसलेलो नाही.

या रविवारी मी दुसरा आलो. बेकरीवाला जिंकला. शेवटच्या फेरीत सरळ पट्ट्यावर तो माझ्या बरोबरीने आला. बरोबरीने! गेले काही महिने तिथे त्याची गाडी माझ्या मागे असते. पंधरवड्यात तिला पंख फुटले? नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय. हल्ली इंटरनेटवर फुकट फर्मवेअर मिळतात. डबीतला कंपनीचा प्रोग्रॅम पुसायचा, कॉम्प्युटरला वायर जोडून आपल्याला हवा तो भरायचा. याला फ्लॅश करणं म्हणतात. जाणकाराला त्यात अशीही सोय करता येते, की दिवा बाहेरून लुकलुकत राहतो आणि आतून मोटरला जोर मिळत राहतो. वरून कीर्तन, आतून तमाशा.

बेकरीवाल्याला एकट्याला हे जमणार नाही. त्याची अक्कल भट्टीच्या दारापाशी संपते. म्हणजे कुणीतरी करून दिलं. आता ऐक. बेकरीच्या मागे पिठाची पोती वर चढवायची लिफ्ट आहे. तिची देखभाल कोण करतं? घरी विचार.

परतताना मी टिटवीला हे सगळं नीट समजावून सांगितलं. सिग्नलवर, पुलावर, पेट्रोल पंपावर. ती म्हणाली, "बाबा, तो आज खरंच चांगला चालवत होता."

"तुला काय कळतंय?"

"एकदा हरलास तर काय बिघडलं?"

मी म्हटलं, हरण्याचं काही नाही गं, फसवलं जाण्याचं आहे. त्यावरून तुझा विषय निघाला. कसा निघाला ते आता आठवत नाही. निघाला.

पुढच्या रेसला मी रीतसर तक्रार करणार आहे. हे सांगितल्यावर तिचा चेहरा पांढराफटक पडला. "नको ना बाबा. काहीही कर, तक्रार नको." का नको? बेकरीवाला तिचा कोण लागतो? एवढं घाबरायला तिला काहीतरी माहीत असलं पाहिजे, आणि तिला माहीत असेल तर ते तुमच्याच घरातून माहीत झालं असणार. मी तिला काही विचारलं नाही. तुला विचारतोय.

टिटवीचा बाप

१० फेब्रुवारी

तुझ्या नवऱ्याचं अभिनंदन कर. काम चोख केलंय.

काल मी तक्रार केली. आमच्या क्लबचा नियम असा, की तक्रार झाली की ज्याच्यावर केली त्याची आणि ज्याने केली त्याची, दोन्ही गाड्या तपासतात. मी म्हटलं, खुशाल. गाड्या तपासायचं काम भिंगकाकांकडे आहे. कायम एका डोळ्याला भिंग लावलेला म्हातारा, आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी आधी बेकरीवाल्याची गाडी स्टँडवर ठेवली. चाकं अधांतरी. ट्रिगर पूर्ण दाबून धरला आणि फेरे मोजायचं यंत्र चाकापाशी नेलं. आवाज एकसुरी. आकडा जागच्या जागी. त्याने फक्त नवे टायर टाकले होते.

मग माझी गाडी. सुरुवात अगदी तशीच. आणि मग आवाज चढायला लागला. भिंगकाकांचं बोट हललं नव्हतं, बॅटरी तीच होती, दिवा इमानेइतबारे लुकलुकत होता, आणि आवाज चढत चाललेला. एखादं माणूस खोटं बोलता बोलता त्याचा आवाज वर जातो ना, तसा. भिंगकाकांनी बोट काढलं, परत दाबलं. परत तेच.

कुणी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. बेकरीवाल्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाला, "चष्मेवाले, आधी बसा. पाणी प्या."

टिटवी दाराशी उभी होती. परतताना मी तिला काही विचारलं नाही, कारण विचारायची गरजच उरलेली नव्हती. बेअरिंग साफ करते म्हणून पावसाळ्यानंतर ती माझी गाडी तुमच्या घरी घेऊन गेली होती. पुढच्या खेपेला परत आणली. त्यानंतरही कितीदा तरी नेली. माझी गाडी तुमच्या घरात, आणि त्या घरात लिफ्टच्या बोर्डात प्रोग्रॅम भरण्यावर पोट असलेला माणूस. मुलीच्या नकळत त्याने डबी फ्लॅश केली. हेतू काय ते शेंबडं पोरही सांगेल. चारचौघांत मी चोर ठरलो, की मुलीला माझ्याकडे यायची लाज वाटेल. मग रविवारही तुमचेच.

तेवीस तारखेला समितीपुढे बोलावलंय. तिथे मी त्याचं नाव घेणार आहे. वकिलाशीही बोललोय. अजून बोललो नाही, पण बोलणार आहे.

सही करत नाही.

१५ फेब्रुवारी

'तुला आधी गुन्हेगार सापडतो, मग तू गुन्हा शोधायला निघतोस,' असं लिहिलंयस. वाक्य चांगलं आहे. लॅबमध्ये वेळ बराच मिळतो वाटतं.

काल मी त्याला जाऊन भेटलो. त्याने सांगितलं असेलच. सांगितलं नसेल तर का नाही, याचाही विचार कर.

तो एका उंच इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत होता. ग्रीसचा वास, मधोमध दोरांचं मोठं चाक, भिंतीला उघडी पेटी आणि तिच्यात वायरींचं जंगल. गुडघ्यांवर बसून तो फडक्याने काहीतरी पुसत होता. मला बघून दचकला नाही. हेच मला खटकलं.

"या. जपून, खाली केबल आहे." एक बादली उपडी करून त्याने बसायला दिली.

मी बसलो नाही. म्हटलं, "माझ्या ईएससीत हात कुणी घातला?"

"मी नाही."

"लॅपटॉप तुमचा. सोल्डरिंग तुम्ही शिकवलंत."

"शिकवलं. चटका बसला ती माझी चूक. पकड कशी धरायची ते आधी दाखवायला हवं होतं." त्याने हात पुसले. "लिफ्टच्या बोर्डात प्रोग्रॅम कसा भरतात ते तिने विचारलं, तेही दाखवलं. पुढचं तिचं ती शिकली. आता मी तिला विचारतो."

"म्हणजे फर्मवेअर तुम्हाला कळतच नाही, असं म्हणायचंय?"

"कळतं. पण एक बोलू? रागावू नका. मला तुम्हाला खाली पाडायचं असतं तर मी तुमची गाडी मंद केली असती. ऐन रेसमध्ये बंद पाडली असती. तुम्हाला महिनोन्‌महिने जिंकवून मला काय मिळालं? ज्याने केलं, त्याला तुम्ही जिंकायला हवे होतात."

"आणि पकडलं जायला."

"तक्रार तुम्हीच केलीत ना?"

तेवढ्यात खाली कुठल्यातरी मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं. ते चाक घरघरत फिरायला लागलं आणि थांबेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता उभे राहिलो. मग तो म्हणाला, "समितीपुढे माझं नाव घ्यायचं तर घ्या. मी येऊन उभा राहीन. फक्त टिटवीला तिथे प्रश्न विचारू नका कुणी, एवढं बघा."

मी जिन्याने उतरलो. त्याच्या लिफ्टमधून उतरणं मनाला पटेना.

साप साप म्हणून मी भुई धोपटतोय, असं तुला वाटत असेल. वाटू दे. माणूस गोड बोलतो, आणि गोड बोलणाऱ्याचा मला आधीपासून वीट आहे. पण त्याचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. मी जिंकायला हवा असं कुणाला वाटेल? माझ्या जिंकण्याने कुणाचं काय भलं होणार होतं? बहिणीला या खेळाचं नावही धड घेता येत नाही. दुकानातला मदतनीस मी रविवारी कुठे जातो तेही विचारत नाही. तुझा तर प्रश्नच नाही.

नाही ना?

टिटवीचा बाप

२४ फेब्रुवारी

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. टिटवीच्या हाती लागता कामा नये.

काल समितीपुढे गेलो. गोदामाच्या कोपऱ्यातली ऑफिसची खोली. टेबलामागे अध्यक्षबाई, त्या दातांच्या डॉक्टर आहेत, आणि आणखी दोघं. बाजूला बेकरीवाला. टिटवीला मी बाहेर पायरीवर बसायला सांगितलं होतं, पण त्या खोलीचं दार नीट लागत नाही. तुझ्या नवऱ्याचं नाव जिभेवर तयार होतं. रात्रभर घोकलं होतं म्हण ना.

भिंगकाकांनी गाडी स्टँडवर ठेवली. म्हणाले, "मागच्या वेळी मी फक्त वेग बघितला. घरी नेऊन नीट बघितलं तेव्हा आणखी एक गंमत दिसली. आता बघा." त्यांनी ट्रिगर एकदम हिसकून दाबला. चाकं झटका न देता मऊ फिरायला लागली. "कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये इथे झटका बसतो. यात बसत नाही. जोर नंतर येतो, आणि तोही ट्रिगर दाबून धरला तरच. आपले चष्मेवाले वळणातून बाहेर पडताना घाबरून ट्रिगर हिसकतात आणि गाडी गर्रकन फिरते, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

सगळे हसले. मीही हसलो असेन.

"तर ज्याने हे लिहिलं, त्याने आधी यांचं बोट सांभाळलंय. मग वेग दिलाय. आणि हे एका झटक्यात झालेलं नाही. लिहायचं, भरायचं, गाडी पळताना बघायचं, परत बदलायचं, असं पुष्कळदा केलेलं दिसतंय. शिंपी माप घेऊन कपडा शिवतो तसा हा प्रोग्रॅम यांच्या बोटावर बेतलाय. दुसऱ्या कुणाच्या गाडीत घातला तर तो हरेल."

मी तिथे उभा होतो आणि मला दुसरं काही ऐकू येईना. तुझा नवरा एकदाही ट्रॅकवर आलेला नाही. माझं बोट कसं हिसकतं हे त्याला कुठून कळणार? रेस चालू असताना सगळी दुनिया गाड्यांकडे बघते. मचाणावर माझ्या शेजारी उभी राहून माझ्या हाताकडे एकटी टिटवी बघत असते. मला वाटायचं, तिला रेसचा कंटाळा येतो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तर गाव सोडून इमारतीच्या गच्चीपर्यंत जाऊन आलो.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "हे कुणी केलं, तुम्हाला माहीत आहे?"

"मी केलं."

"तुम्ही?" त्यांनी चष्मा काढला. माझ्याच दुकानातला. "मग तक्रार कशाला केलीत?"

काय सांगणार? म्हटलं, "मी करतो म्हणजे तोही करत असेल असं वाटलं. खाई त्याला खवखवे."

भिंगकाकांनी भिंगातून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बेकरीवाल्याने मान खाली घातली, जणू चोरी त्याची पकडली गेली होती. थंडीपासूनचे माझे सगळे विजय रद्द झाले, चषक परत करायचे आहेत, आणि पुढचा अख्खा हंगाम मला ट्रॅकवर पाय ठेवता येणार नाही.

बाहेर आलो तर टिटवी पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत होती आणि बांधत होती. तिने आतलं ऐकलं की नाही, मी विचारलं नाही. ती म्हणाली, "चल." मी म्हटलं, "चल."

तिला काही बोलू नकोस. मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. आणि त्याला सांग. काय सांगायचं ते तू ठरव. मी तीनदा लिहून खोडलं.

तिने हे का केलं असेल, ते मात्र मला कळत नाही. बाप हरतो म्हणून दया आली असेल? एवढी? एवढे कष्ट घेण्याइतकी? की तुझ्याकडून काही... नाही. हे खोडायला हवं होतं. राहू दे, वाच.

१० मार्च

तिने तुला अर्धंच सांगितलं असेल, म्हणून उरलेलं मी लिहितो.

काल ट्रॅक नव्हता, तरी नेहमीच्या वेळेला तिला घ्यायला आलो. ती पायऱ्या उतरून आली आणि गाडीत बसता बसता म्हणाली, "मी भिंगकाकांकडे जाऊन आले. सगळं सांगितलं."

मी गाडी सुरूच केली नाही. "काय म्हणाले?"

"म्हणाले, ठाऊक होतं. म्हणाले, तुझ्या बापाला स्वतःचं बोट एवढं नीट कळलं असतं, तर त्याला फर्मवेअर लागलंच नसतं."

"आणि बंदी?"

"तशीच. मलाही घातली. म्हणाले, खोटं दोघं बोललात, तर घरी दोघं बसा."

हे सांगताना तिला बरं वाटत असल्यासारखं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. जावं कुठे तेच सुचेना, म्हणून आम्ही दुकानात गेलो. रविवारी बंद असतं. अर्धं शटर वर करून आत बसलो. ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर, मी माझ्या स्टुलावर. तिने काउंटरवरची एक रिकामी फ्रेम उचलली आणि तिच्या काड्या उघडत मिटत बसली. मी विचारलं, "का केलंस गं?"

"तू हरलास की परत जाताना सुरू व्हायचास."

"काय सुरू व्हायचो?"

"प्रश्न. आई काय म्हणाली, काका कधी येतात, फोन कुणाचा होता, नवे पडदे कशाला घेतले. मी काही सांगितलं की त्यातून तू आणखी काहीतरी काढायचास. नाही सांगितलं की म्हणायचास, लपवतेस. सकाळी विचारायचास ते चालायचं, तेव्हा पुढे रेस असायची. संध्याकाळचं नाही चालायचं. घर येईपर्यंत तेच. मग मी थोडा वेळ जिन्यात बसायचे आणि मग वर जायचे."

"आणि जिंकलो की?"

"जिंकलास की रेसबद्दल बोलायचास. नुसतं रेसबद्दल. कुठल्या वळणावर काय झालं, बेकरीवाल्याचं तोंड कसं झालं. एकदा तर पूर्ण रस्ताभर गाणं म्हटलंस. घाण म्हटलंस, पण म्हटलंस." तिने फ्रेम खाली ठेवली. "मला वाटलं, तू दर वेळी जिंकलास तर..."

मला ती जिन्यात बसायची हे माहीत नव्हतं. तुला माहीत होतं का, ते मी विचारत नाही.

'तसं काही नव्हतं गं, तुला उगाच वाटलं,' हे वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. मी उठलो आणि शटर पूर्ण वर केलं. उजेड आला. मग तिची नजर तपासली. डाव्या डोळ्याचा नंबर थोडा वाढलाय. रात्री स्क्रीनसमोर बसते, दुसरं काय? माझ्याच बोटासाठी बसत होती म्हणा. नवा चष्मा आठवड्यात तयार करून ठेवतो.

संध्याकाळी तिला सोडायला निघालो. हार नव्हती, जीत नव्हती, बोलायला विषयच नव्हता. सिग्नलला थांबलो तेव्हा मला तिच्या दप्तराच्या पट्ट्याला चिकटलेला खाकी चिकटपट्टीचा तुकडा दिसला. खोकी बंद करायची पट्टी. ताजी. तू मला ओळखतेस. एका तुकड्यावरून माझ्या डोक्यात किती खोकी उभी राहिली असतील, त्याचा हिशेब कर. मी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि सिग्नल हिरवा झाल्यावर गाडी काढली. पूल गेला. पेट्रोल पंप गेला. मी काही बोललो नाही.

मग तीच म्हणाली, "बाबा, आम्ही जाणार आहोत."

काकांच्या कंपनीने दुसऱ्या शहरात शाखा काढलीय, परीक्षा झाली की निघायचं, पुस्तकांची खोकी आतापासून भरायला घेतलीत, आई स्वतः सांगणार होती. सगळं तिने एका दमात सांगितलं, पुढच्या काचेकडे बघत. मी "बरं" म्हणालो. मग तुमच्या गल्लीचं वळण चुकलो. पुढून फिरून आलो आणि पुन्हा चुकलो. तिसऱ्या खेपेला तिने माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, "बाबा, आता वळ."

तू सांगणार होतीस, हे मी धरून चालतो. असं धरून चालणं मला जड जातं, पण चालतो.

नेमके कधी निघणार, किती वर्षांसाठी, तिथे घर कुणी बघितलं, तिची शाळा कुठली, तिथे एखादा ट्रॅक आहे का, हे सगळं कधी ठरलं आणि मला सगळ्यांत शेवटी का कळतंय, हे सगळे प्रश्न माझ्याजवळ आहेत. कालपासून दाराशी रांग लावून उभे आहेत. त्यातला एकही मी तुला विचारत नाहीये, एवढं लक्षात घे. तू सांगशील तेव्हा ऐकेन.

फक्त रविवारांचं काय ते जरा लवकर सांग.